डब्यातल्याच वायरी लावा, नाना

जीवन तायड्यांना वायरींबद्दल कोणी काही शिकवलेलं उभ्या आयुष्यात खपलं नाही. दीपनगरच्या वीजकेंद्रात त्यांनी चौतीस वर्षं पॅनेलच्या वायरिंगचं काम केलं. त्यांनी वायरी ओढलेलं लोखंडी कपाट उघडलं की आतल्या शेकडो वायरी एका मापात वळलेल्या आणि दर दोन बोटांवर मेणाच्या दोऱ्याने बांधलेल्या दिसायच्या. पाहुणे आले की साहेब लोक तेच कपाट मुद्दाम उघडून दाखवायचे. निवृत्त झाल्यावर जळगावात पिंप्राळ्याला घर बांधलं, तेव्हा ठरवलेला इलेक्ट्रिशियन तिसऱ्या दिवशी पिशवी उचलून निघून गेला. जाताना नानांच्या बायकोला, लिलाबाईंना, म्हणाला, "काकू, नानांनाच करू द्या. मला अजून संसार करायचाय."

असा माणूस घरात असल्यावर मुलीचा कॉम्प्युटर त्यांच्या तावडीतून कसा सुटेल! प्राची लग्नाचे व्हिडिओ काढते आणि घरीच बसून त्यांची फिल्म बनवते. तिचा कॉम्प्युटर म्हणजे गुडघ्याएवढं काळं खोकं. त्याच्या आतल्या वायरींचा गुंता पाहून जीवननानांना दोन वर्षांपूर्वी झोप लागली नव्हती. त्यांनी एका रविवारी सगळ्या वायरी सोडवल्या, सरळ केल्या आणि मेणाच्या दोऱ्याने खोक्याच्या कण्याला अशा बांधल्या की प्राचीने त्याचा फोटो काढून मैत्रिणींना पाठवला. नाना महिनाभर खूश होते.

यंदा जुलैत त्या खोक्याने दगा दिला. प्राचीने कामासाठी नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं होतं. काम ऐन रंगात आलं की मशीन फटकन बंद पडायचं. आणि काम साधं नव्हतं. धुळ्याच्या कुंदन आणि किरण यांच्या लग्नाची फिल्म होती.

ते लग्न एप्रिलात झालं. लग्नानंतर अकराव्या दिवशी नवरदेवाचे वडील, पितांबर आबा, सकाळी चहाची बशी हातात घेतलेले जागच्या जागी गेले. वय छप्पन. मग ती फिल्म लग्नाची राहिलीच नाही. लोकांच्या मोबाईलमध्ये नवरानवरीचे आणि स्वतःच्या तोंडाचे दहा-दहा सेकंदांचे तुकडे होते. नवरदेवाच्या बापाचा व्हिडिओ कोण काढतो? तो बिचारा पाण्याचे जार आले का, वऱ्हाडाला चहा मिळाला का, हेच बघत फिरत असतो. पण प्राचीची सवय वेगळी होती. ती राबणाऱ्या माणसांच्या मागे कॅमेरा घेऊन फिरायची. चालतेबोलते पितांबर आबा आता फक्त तिच्याकडे होते, चार तास आणि काही मिनिटं. कुंदन दर रविवारी फोन करायचा. "ताई, घाई नाही. पण आई रोज विचारते."

"किती राहिलंय गं?" नाना विचारायचे.

"संपत नाही पप्पा," एवढंच ती म्हणायची.

तर मशीन बंद पडायला लागलं आणि बापलेक गोलाणी मार्केटात नवलच्या दुकानी गेले. नवल तिशीतला, हुशार, जिभेवर साखर. त्याने पाचच मिनिटांत निदान केलं. "नाना, तुमचा पॉवर सप्लाय साडेपाचशे वॉटचा आहे. नव्या कार्डाला तो पुरत नाही. साडेसातशेचा घ्या."

नानांनी खिशातून कागद काढला. घरूनच हिशोब मांडून आणला होता. "कार्ड दोनशेवीस, प्रोसेसर सव्वाशे, बाकीचं पन्नास. चारशेच्या आत बसतंय की! साडेपाचशे पुरत का नाही?"

"कार्ड मधेच झटक्यात दुप्पट ओढतं नाना."

"म्हणजे मोटर सुरू होताना ओढते तसं?"

"अगदी तसंच."

"मग तसं सांग ना!" नाना एकदम मवाळ झाले. आपल्या भाषेतलं कारण मिळालं की त्यांचं भांडण संपायचं. मग अर्धा तास त्यांनी दुकानातले सहा डबे उघडायला लावले. प्रत्येक डबा हातात तोलून पाहिला. "हलका माल नको. आत तांबं असलं की वजन लागतं," असं ते दुकानातल्या इतर गिऱ्हाइकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. वॉरंटी वाचली, पंख्याचा आवाज ऐकला. प्राची काउंटरला टेकून मोबाईल बघत राहिली. बापाला मध्येच टोकलं तर आणखी अर्धा तास लागतो, हे तिला लहानपणापासून माहीत होतं.

शेवटी एक मॉड्युलर निवडला. मॉड्युलर म्हणजे ज्याच्या पोटातून वायरींचं शेपूट बाहेर आलेलं नसतं. पाठीवर नुसत्या खाचा असतात आणि लागेल तेवढीच वायर त्यात खोचायची. प्राचीचा जुना सप्लायही तसलाच होता, फक्त दुसऱ्या कंपनीचा. "कपाटातली टर्मिनलची पट्टीच ही," नाना म्हणाले. "कोणीतरी शहाणा माणूस बसलाय त्या कंपनीत."

बिल करताना नवल म्हणाला, "फक्त एक करा. डब्यातल्याच वायरी लावा, नाना. जुन्या वापरू नका."

"हो हो," नाना म्हणाले. सूचना शिकाऊ पोरांसाठी असतात, अशी त्यांची जुनी समजूत.

दुसऱ्या दिवशी प्राचीला मुक्ताईनगरला एका बारशाचं शूटिंग होतं. निघताना तिने बजावलं, "पप्पा, मी संध्याकाळी आले की दोघं मिळून बसवू."

"बरं," नाना म्हणाले. पण नवा डबा घरात न बसवता दिवसभर पडून राहणार आणि जीवन तायडे पेपर वाचत बसणार, हे झालंच नसतं. पोरगी थकून येईल, आल्या आल्या तिचं मशीन सुरू दिसेल, तिचं तोंड उजळेल, एवढंच त्यांच्या मनात होतं. जेवण झालं, लिलाबाई आडव्या झाल्या आणि नानांनी चष्मा बदलला.

त्यांनी काम नियमाप्रमाणे केलं, हे मान्य करायला हवं. आधी नवा सप्लाय बाहेरच टेबलावर चालू केला. डब्यातल्या वायरी लावून मीटरने विजेचा दाब, व्होल्टेज, मोजला. बारा हवेत तिथे बारा, पाच हवेत तिथे पाच. वहीत लिहून सही केली. मग तो खोक्यात बसवला. मोठ्या दोन वायरी नव्याच घेतल्या, कारण जुन्या त्या कार्डाला कमी पडत होत्या. राहिली डिस्कची वायर. काम साठवायच्या दोन डिस्क होत्या. एकीवर मूळ शूटिंग आणि अर्धवट झालेली फिल्म, दुसरीवर सगळ्याची नक्कल, न जाणो एक बिघडली तर. दोन्ही शेजारी शेजारी, दोन्ही एकाच वायरीवर. ती वायर नानांनी स्वतः बांधलेली होती, अठ्ठावीस गाठींनी, कण्याला लागून. नवी वायर चपटी आणि ताठ होती, पट्टीसारखी. ती दोऱ्यात बांधली जाईना. नानांनी जुन्या वायरीचं टोक नव्या सप्लायच्या खाचेत घालून पाहिलं. ते खट्‌कन बसलं.

झालं. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांना एकच गोष्ट ठाम शिकवलेली होती. जो प्लग ज्या खाचेत बसतो, तो त्याच खाचेचा असतो. चुकीचा बसूच नये म्हणून तर वीजकेंद्रात प्रत्येकाचा आकार वेगळा ठेवतात. बसला म्हणजे बरोबर, आणि बांधलेल्या अठ्ठावीस गाठी कशाला तोडायच्या? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पण त्या वेळी त्यांना ते शहाणपण वाटलं.

बटण दाबलं. पंखे फिरले, पडदा उजळला. नाना हसले. आणि मग तो वास आला.

तो वास त्यांनी ओळखला नाही असं होणंच शक्य नव्हतं. बाकीचे लोक म्हणतात काहीतरी जळतंय. नानांना वासावरून काय जळतंय ते कळायचं. त्यांनी झडप घालून मेन स्विच बंद केला. दोन्ही डिस्कना हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. मग त्यांनी डिस्क काढून बाजूला ठेवल्या, पुन्हा वीज दिली आणि जुन्या वायरीच्या टोकाला मीटर लावला. जिथे पाच यायला हवेत तिथे बारा येत होते.

त्यांनी तीनदा मोजलं. आकडा बदलेना. सप्लायच्या बाजूची खाच दिसायला तीच होती, पण कोणत्या पिनेतून काय सोडायचं हे प्रत्येक कंपनीने आपापल्या मर्जीने ठरवलेलं होतं. जगात असं कोणी करत असेल हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. आकार तोच ठेवायचा आणि आत वेगळंच सोडायचं! ते तिथेच फरशीवर बसले. मूळही गेलं आणि नक्कलही गेली. पितांबर आबा गेले होतेच, आता नानांनी त्यांना पुन्हा एकदा घालवलं होतं.

लिलाबाई उठून आल्या तेव्हा नाना मीटर हातात धरून बसलेले होते. "काय झालं हो? शॉक बसला का?"

"बसला असता तर बरं झालं असतं," नाना म्हणाले.

प्राची सहा वाजता आली. नानांनी तिला बूटही काढू दिले नाहीत, दारातच सगळं सांगून टाकलं. एक अक्षर लपवलं नाही. तिने फक्त एकच विचारलं.

"दोन्ही?"

"दोन्ही."

ती भिंतीला टेकली. ती ओरडेल, रडेल, काहीतरी फेकेल, म्हणून नाना वाट पाहत राहिले. तिने खांद्यावरची कॅमेऱ्याची पिशवी उतरवून खाली ठेवली. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्यांना वाचता आलं नाही, आणि त्याचीच त्यांना जास्त भीती वाटली.

डिस्क पुण्याला एका लॅबमध्ये पाठवल्या. कॅमेऱ्याची कार्डं त्यानंतर पाच लग्नांत पुन्हापुन्हा वापरली गेली होती, त्यांत काही शिल्लक नव्हतं. अठरा दिवसांनी लॅबचा फोन आला. एका डिस्कच्या चिपा जळाल्या होत्या आणि दुसरीचं आतलं वाचणारं डोकंही गेलं होतं. काही निघणार नाही, म्हणाले. नाना फोन ठेवून देवघराच्या जागी लावलेल्या बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींकडे पाहत राहिले. त्यांना मागायचंही काही सुचेना.

"फोनवर सांगता येणार नाही," प्राची म्हणाली. "मी जाऊन येते."

"मी सांगेन. चूक माझी आहे."

"काम माझं होतं."

"तू गप्प बस," नाना म्हणाले, आणि अठरा दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "जाळलं मी. मीच सांगणार. तू फक्त सोबत चल."

रविवारी सकाळच्या एसटीने दोघं निघाले. एरंडोल गेलं, पारोळा गेलं. प्राची खिडकीबाहेर बघत होती. नाना मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते आणि प्रत्येक वाक्य त्यांना हलकट वाटत होतं. धुळ्याला उतरून रिक्षाने देवपुरात गेले.

घरात शिरले आणि नाना उंबऱ्यातच थबकले. येतोय एवढंच त्यांनी कळवलं होतं. घरच्यांनी त्याचा अर्थ आपल्या परीने लावला होता. बैठकीत सतरंज्या अंथरल्या होत्या, टीव्ही स्टुलावर उंच ठेवला होता, शेजारपाजारच्या बाया येऊन बसल्या होत्या. आबांचे थोरले भाऊ तोताराम काठी घेऊन अगदी पुढे बसले होते, त्यांना कमी दिसायचं आणि ऐकूही कमी यायचं म्हणून. नव्या सुनेने, किरणने, पाणी आणून दिलं. कुंदनची आई, प्रमिलाबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. कपाळ मोकळं, पण लुगडं धुवट आणि नीट नेसलेलं, कुठेतरी जायला निघाल्यासारखं.

"या, बठा," त्या म्हणाल्या. "फिल्लम लई वनात का?" फिल्म घेऊन आलात का, एवढंच त्यांचं विचारणं होतं.

नाना बसले नाहीत. उभ्यानेच त्यांनी हात जोडले आणि सांगितलं. पॉवर सप्लाय, वायर, पाच आणि बारा, सगळं सांगायला गेले आणि मधेच थांबले. कोणाला काय कळणार होतं त्यातलं! मग ते एवढंच म्हणाले, "ताई, माझ्या हाताने जळालं. मला बजावलं होतं, तरी मी ऐकलं नाही. आता काहीच शिल्लक नाही. मुलीचा यात काही दोष नाही."

तोतारामभाऊ शेजाऱ्याला विचारत राहिले, "काय म्हनी ऱ्हायना तो? काय व्हयनं?" आणि त्यांना सांगायचं धाडस कोणाला होईना.

"दोन्ही कशा जळतील?" कुंदन उठून उभा राहिला. "काका, एकात नक्कल होती ना? ताई, तू म्हणाली होतीस दोन ठिकाणी आहे म्हणून!"

"एकाच वायरीवर होत्या," प्राची म्हणाली.

"मग दोन ठिकाणी कशा झाल्या?" कुंदन म्हणाला. तो बोटं केसांत घालून खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. त्याच्या पाठीकडे पाहून नानांना वाटलं, याने आपल्याला दोन थोबाडीत ठेवून द्याव्यात. मोकळं तरी वाटेल.

प्रमिलाबाई मात्र प्राचीकडे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "पोरी, तू ते बठ्ठं दखेल शे ना?"

"हो."

"कितीदाव?"

"खूपदा, काकू. काम करताना पुन्हापुन्हा बघावं लागतं."

"मंग सांग. तोंडवरी सांग. काही सोडू नको."

प्राचीने बापाकडे पाहिलं. मग ती सतरंजीवर त्यांच्यासमोर बसली आणि सांगायला लागली. सकाळी आबांना फेटा बांधला तेव्हा ते बांधणाऱ्याला म्हणाले, जरा सैल ठेव, दिवसभर पळायचंय. हळदीच्या गाण्यावर दोन पावलं नाचले, कोणी पाहिलं असं वाटल्यावर खोटंच खोकले. वाढप्यांच्या ओळीत जाऊन स्वतः बट्ट्या वाढल्या. मावशीचा चष्मा हरवला होता, तो मांडवाच्या खांबापाशी सापडला तेव्हा स्वतःच्या सदऱ्याला पुसून तिच्या नाकावर ठेवला. बाया पदराने डोळे पुसायला लागल्या. तोतारामभाऊ मान हलवत होते. खुद्द नानाही ऐकत राहिले. एवढा माणूस आपण जाळला, हे त्यांना आता कुठे नीट कळत होतं. तरी मनात कुठेतरी त्यांना धीर आला. पोरगी निभावून नेतेय. जे यंत्रात गेलं ते हिच्या डोक्यात शाबूत आहे.

"आनी स्टेजवर?" प्रमिलाबाईंनी विचारलं. "फोटोना टाईमले? कुंदनना आबा सापडतच नव्हतात. उशिरा वनात, घामाघूम. मी चारचौघांत बोलनू त्यासले. आजना दिन तरी धड ऱ्हाता येस का नही, आसं. तवय त्यासनं तोंड कसं व्हतं? मनावर रागायनात का?"

प्राचीने सतरंजीची कड मुठीत धरली.

"तुमच्यावर रागावले नव्हते," ती म्हणाली. "काकू, त्याच्या आधी ते मांडवाच्या मागे होते. आचाऱ्याच्या टेम्पोपाशी. मी तिकडे शूटिंग करायला गेले, तर ते पालथ्या घमेल्यावर बसले होते. छातीवर हात दाबून धरला होता. सगळा सदरा भिजला होता. मी विचारलं, आबा काय होतंय, कोणाला बोलावू? तर मला हाताने खूण केली, कॅमेरा खाली कर. आणि म्हणाले..." तिने प्रमिलाबाईंकडे पाहिलं. "म्हणाले, कोनले सांगू नको पोरी. आज मना आंडोरनं लगीन शे. सकाय दखसूत."

उद्या बघू म्हणाले होते. त्यानंतर अकरा उद्या उजाडले होते.

"मी कोणाला सांगितलं नाही," प्राची म्हणाली. "मला वाटलं, उन्हाने होत असेल. ते उठले, तोंड धुतलं आणि स्टेजवर आले. ते तेवढं मी शूटिंगमध्ये ठेवलं होतं. फिल्ममधून कापलं होतं. तुम्हाला कधीच दिसलं नसतं."

कुंदन खिडकीपासून वळला. "दवाखाना समोर होता," तो म्हणाला. "कार्यालयाच्या समोर. रस्ता ओलांडला की." त्याचा आवाज अजिबात चढलेला नव्हता.

एका महिन्याचं काम प्राचीच्याने तीन महिने का संपत नव्हतं, ते नानांना आत्ता कळलं. आणि त्याहून भयंकर असं एक त्यांना कळलं. त्यांनी ते जाळलं होतं. आता त्याचा कुठेही पुरावा नव्हता. आपल्या पोरीला गप्प राहता आलं असतं. चूक बापाची, म्हातारा हात जोडून उभा आहेच, चार प्रसंग गोड सांगून ती परतीची एसटी धरू शकली असती. चूक कबूल केली म्हणून आपण आत्तापर्यंत स्वतःला केवढे खरे समजत होतो! त्यांनी पुढे होऊन तिच्या वतीने काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडलं. मग ते तिच्या शेजारी सतरंजीवर बसले.

प्रमिलाबाईंनी हात पुढे केला आणि प्राचीचं मनगट धरलं. घट्ट धरलं. त्या हातात बांगड्या नव्हत्या.

"तुले सांगं," त्या म्हणाल्या. "तीस वरीस संसार कया मी. माले नही सांगं. तुले सांगं."

त्या मायेने धरताहेत की रागाने, हे नानांना कळेना. प्राचीलाही कळलं नसावं. बाया एकेक करून उठल्या आणि चपला घालून गेल्या. किरणने टीव्हीचं बटण बंद केलं. दुपारची एसटी गेली, नंतरचीही गेली. प्रमिलाबाईंनी मनगट सोडलं नाही आणि प्राचीने ते सोडवून घेतलं नाही.